शोधपट्टीचं भाडं

संपादकांनी कळवलं, तुमच्या कामाबद्दल लिहा, पण आमच्या वाचकांना कळेल असं लिहा. यातली दुसरी अट मला सोपी आहे. मला स्वतःला जेवढं कळलं तेवढंच मी लिहू शकतो, आणि माझं शिक्षण आठवी. अवघड आहे ती पहिली अट. कारण हे काम पुढच्या वर्षी असेल की नाही, याची खात्री मला हे लिहितानाही नाही.

मी पुण्यात एका ब्राउझर बनवणाऱ्या छोट्या कंपनीत आहे. ब्राउझर म्हणजे मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर ज्यातून इंटरनेट बघतात ते. निकाल, सातबारा, बसचं तिकीट, सगळं त्यातूनच दिसतं, पण ज्यातून दिसतं त्याचं नाव कुणाला सांगता येत नाही. चष्म्याच्या काचेसारखं. स्वच्छ असली की काच आहे हेच विसरतो, डाग पडला की दुकानदाराच्या नावानं ओरड. तो दुकानदार मी. आमच्या ब्राउझरचं नाव 'तराफा'. लोकांचे फोन घेणं, आणि नवी आवृत्ती बाहेर जाण्याआधी ती जुन्या, रडक्या मशीनवर चालवून बघणं, ही माझी दोन कामं.

माझं गाव गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंच्याच्याही पुढे. घरात तेलुगू. इथून निघालं की दुसऱ्या दिवशी पोचतो. आठवीनंतर घरात कमावणारं कुणी राहिलं नाही, म्हणून शाळा सुटली आणि मी फिरत फिरत येरवड्याला, तुरुंगाच्या रस्त्यावरच्या एका ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात लागलो. तुरुंगातल्या माणसाला भेटायची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते, त्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं कुणाच्या तरी आया आणि बायका. टाइप करायला मी तिथं शिकलो.

एक दिवस पन्नाशीच्या एक बाई आल्या आणि काहीही न भरता तासभर माझ्या पाठीमागे उभ्या राहिल्या. मला वाटलं, तपासणी आली. मग त्यांनी विचारलं, "प्रत्येक गिऱ्हाइकानंतर तुम्ही सगळं बंद करून परत का उघडता?"

म्हटलं, "आधीच्या बाईचं नाव पुढच्या बाईला दिसू नये म्हणून. इथं कोण कुणाला भेटायला आलंय ते कळलेलं लोकांना आवडत नाही. आणि हा तराफा लवकर विसरत नाही."

"तो मीच केलाय," बाई म्हणाल्या.

मी माफी मागितली.

"माफी नको. सोमवारपासून या."

त्या सुनीती मॅडम. त्यांनी मला खुर्ची दिली, टेबल दिलं, आणि सात वर्षांत एकदाही माझी आठवी कुणासमोर काढली नाही. एकदाच काढली, ती पुढे सांगतो. मॅडम पेठेतल्या. कौतुक करायचं झालं तर त्या म्हणतात, "हे चालेल."

आता पैशाचं. तराफा फुकट आहे. मग आमचे पगार कुठून यायचे? हे मला तीन वर्षं माहीत नव्हतं. विचारायची भीती वाटायची, कारण उत्तर 'कुठूनच नाही' असं आलं तर काय करायचं? शेवटी मॅडमनीच सांगितलं. "रस्त्याकडेच्या भिंतीवर सिमेंटची जाहिरात रंगवतात, बघितलीय? भिंतवाल्याला त्याचं भाडं मिळतं. आपल्या ब्राउझरला वर शोधायची पट्टी आहे ना, ती आपली भिंत."

म्हणजे असं. तुम्ही त्या पट्टीत 'गुडघेदुखी' लिहिता, तो शब्द एका शोध घेणाऱ्या कंपनीकडे जातो, ती उत्तरं दाखवते, सोबत जाहिराती दाखवते, आणि जाहिरातीतले थोडे पैसे आम्हाला देते. आमच्या पट्टीवर जी कंपनी होती तिला आम्ही ऑफिसात 'मोठं घर' म्हणायचो. आमचे जवळजवळ सगळे पैसे तिकडून यायचे. घोळ असा की मोठ्या घराचा स्वतःचा ब्राउझरही आहे, आणि तो नव्या मोबाइलमध्ये आधीपासूनच बसलेला असतो. आम्ही दिवसभर त्याच्यापेक्षा चांगलं काही करायचा प्रयत्न करायचो आणि पगाराला त्याच्याकडे बघायचो. मोठ्या घराची माणसं फार सभ्य होती. फोनवर मला, मला सुद्धा, 'सर' म्हणायची. त्यानं भीती वाढायचीच.

दर दोन वर्षांनी कराराचा कागद यायचा. दोन वर्षांपूर्वी आला त्यात एक नवी अट होती. तराफा पहिल्यांदा उघडला की तो विचारतो, तुम्हाला कोणाकडून शोध घ्यायचा आहे? खाली तीन नावं येतात. मोठ्या घराचं म्हणणं, हा प्रश्न काढा.

अनिकेतसर आमचे मुख्य इंजिनिअर. ते म्हणाले, "एक स्क्रीन आहे मॅडम. एकच स्क्रीन काढायचाय."

"लोकांना विचारणारे स्क्रीन आपल्याकडे आहेत किती?" मॅडम म्हणाल्या.

त्यांनी सही केली नाही. परदेशातली एक लहान शोध कंपनी आम्हाला निम्म्याहून कमी भाडं देणार होती. तिच्याशी करार झाला. जुन्या सगळ्या लोकांच्या पट्टीवर नवी आवृत्ती जाताच तिचं नाव बसलं. आधी एक सूचना दाखवली होती, 'असा बदल होतोय, नको असल्यास इथे दाबा'. लोकांनी न वाचता 'ठीक आहे' दाबलं. मॅडमना ते फारसं पटलं नव्हतं, पण दुसरा मार्ग सुचला नाही.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. पेठेतले आपटे आजोबा दर बदलाला पहिला फोन करतात.

"अहो, गुडघ्याचा लेप शोधला तर तुमच्या यंत्रानं जर्मनीतली दुकानं दाखवली. लेप लावायला मी तिकडे जायचं का?"

"नाही काका, शोध घेणारी कंपनी बदललीय."

"मग तिला सांगा, गुडघे पुण्यात आहेत."

खरं होतं ते. लहान कंपनीचं मराठी कच्चं होतं, तेलुगू त्याहून कच्चं. लोक घाबरायचे. एक बाई म्हणाल्या, माझं इंटरनेट कुणीतरी बदलून नेलं. घाबरलेल्या माणसाला काय वाटतं ते मला कुणी सांगायला नको. मी त्यांना शांतपणे पाच पायऱ्या सांगायचो. वर उजवीकडे तीन ठिपके, मग सेटिंग, मग शोध, मग यादीतलं जुनं नाव, मग मागे. झालं. लोक आशीर्वाद द्यायचे. दिवसात चाळीस वेळा तेच बोलून घसा बसला, तेव्हा मी त्या पाच पायऱ्या मराठीत, हिंदीत आणि तेलुगूत बोलून रेकॉर्ड केल्या आणि विचारणाऱ्याला पाठवायला लागलो. मॅडमना दाखवाव्यात असं सुचलंच नाही. लोकांचं काम अडू नये, एवढंच मला येत होतं.

दोन महिन्यांनी अनिकेतसरांनी सगळ्यांना बोलावून पडद्यावर एक रेघ दाखवली. ती खाली चालली होती. "लोक परत मोठ्या घराकडे चाललेत. तिथे केलेल्या शोधाचा आता आपल्याला एक पैसा मिळत नाही. हे मला कळत नाहीये. आपल्या धंद्यातला नियम आहे, आधीपासून जे बसलेलं असतं ते लोक बदलत नाहीत. पट्टीच्या भाड्याला किंमत आहे ती तेवढ्यासाठीच. हे लोक चार पानं आत जाऊन सेटिंग शोधतायत कसे?"

कुणाला कळेना. मला कळलं होतं. माझ्या हातात चहाचा कप होता. तो खाली ठेवला तर आवाज होईल आणि सगळे माझ्याकडे बघतील असं वाटून मी तो तसाच धरून बसलो. चहा गार झाला.

मी बोललो नाही, हे इथं लिहितो, कारण न लिहिता पुढचं सांगता येणार नाही. पाच दिवस गप्प राहिलो. आठवी शिकलेल्याला परत कोण खुर्ची देईल? घरी आई दर रविवारी विचारायची, "काम आहे ना?" तिला दुसरं काही विचारताच येत नाही, ब्राउझर काय हे तिला मी सात वर्षांत समजावू शकलेलो नाही. मी म्हणायचो, "आहे."

सहाव्या दिवशी खडकवासल्याच्या रस्त्यावर दत्ता पोकळेंच्या दुकानात गेलो. फॉर्म भरायचं दुकान, तिथं तराफा मधेच अडकतो अशी तक्रार होती. पोकळे तिथल्याच गावातले, दुकान वडिलोपार्जित जागेत. मी खाली वाकून वायर बघत होतो, तर वरून माझाच आवाज आला. 'वर उजवीकडे तीन ठिपके दिसतात का?' पोकळे मोबाइलवर माझं रेकॉर्डिंग एका म्हाताऱ्याला ऐकवत होते.

"हे ऐका काका. कोण मानूस हाय माहीत न्हाई, पर लई मन लावून सांगतो. आमच्या फॉर्मवाल्यांच्या ग्रुपवर हाय. समद्या जिल्ह्यांत गेलंय."

"सगळ्या जिल्ह्यांत?" मी टेबलाखालून विचारलं.

"तर! त्याचं तेलुगू पण हाय."

मी वर आलो. पोकळे म्हणाले, "काय झालं? शॉक बसला का?"

तिथून थेट ऑफिसात येऊन मॅडमच्या टेबलासमोर उभा राहिलो. सगळं सांगितलं. रेकॉर्डिंग, ग्रुप, पाच दिवसांचं गप्प बसणं. त्यांनी तिन्ही रेकॉर्डिंगं ऐकली, तेलुगूसुद्धा, एक अक्षर कळत नसताना शेवटपर्यंत.

"शिक्षण किती तुमचं?"

"आठवी."

"बरं झालं. दहावी झाला असतात तर कंपनी पुरती बुडवली असतीत."

मी म्हटलं, "काढून टाकायला सांगतो सगळ्यांना."

"खोटं सांगितलंय का त्यात काही?"

"नाही."

"मग राहू द्या. लोकांना वाट दाखवली म्हणून आपण बुडत असू, तर आपण उभे कशावर होतो?" हे त्या माझ्याशी बोलल्या की स्वतःशी, मला कळलं नाही. मग त्यांनी चष्मा काढला. "पाच दिवस गप्प बसलात ते मात्र चुकलं. ते परत करू नका."

कामावरून काढलं नाही. मी जागेवर जाऊन बसलो. मग त्यांनी मला परत बोलावलं आणि येरवड्यात विचारलं होतं तसं विचारलं, "हे फॉर्मवाले आपलाच ब्राउझर का वापरतात?"

हे मला विचारायची गरजच नव्हती, मी त्यातलाच. तराफा जुन्या मशीनवर चालतो म्हणून. पण त्यांची दोन दुखणी कोणताच ब्राउझर बरी करत नाही. एक, भरतीचा लांबलचक फॉर्म भरत आणला की लाइट जातात किंवा साइट म्हणते वेळ संपली, आणि सगळं पुसलं जातं. पोरगं समोर रडवेलं होतं, मागे रांग असते. दुसरं, फोटो आणि सही. प्रत्येक साइटचं माप वेगळं, एकीला पन्नास केबी हवा, दुसरीला वीस. दुकानदाराचा निम्मा दिवस फोटो बारीक करण्यात जातो.

"यासाठी ते पैसे देतील?"

"फॉर्म पुसला नाही तर देतील."

अनिकेतसरांनी चार महिन्यांत ते केलं. त्यांच्याबद्दल कुणी काही म्हणो, ते काम त्यांचंच. भरलेला प्रत्येक रकाना दुकानाच्याच कॉम्प्युटरवर जपला जायचा, गिऱ्हाईक उठलं की एका बटणानं पुसला जायचा, आणि फोटो त्या त्या मापात आपोआप बसायचा. दुकानांसाठी वर्षाची वर्गणी ठेवली. बाकी लोकांना तराफा फुकटच. पोकळेंनी पहिली वर्गणी भरली आणि मला म्हणाले, "आवाज तुमचा हाय हे आधी का न्हाई सांगितलं? मी पोरीला सांगितलं असतं, आपल्या दुकानात येतो म्हनून."

दुकानं वाढत गेली, पण पगार भागण्याइतकी नाही. लहान कंपनीचं भाडं घटतच होतं, साठवलेलं संपत आलं. गेल्या दिवाळीनंतर मोठ्या घराचा कागद परत आला. अट तीच, पैसे पूर्वीपेक्षा जास्त, सही करायला एक महिना.

मॅडमनी सगळ्या अकरा जणांना बसवलं. अनिकेतसर उभे राहिले. त्यांचं घराचं कर्ज, वडिलांचं डायलिसिस, हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांनी त्यातलं काही काढलं नाही. ते एवढंच म्हणाले, "मल्लेश, दुकानांना तू ओळखतोस. अकरा घरं चालतील एवढी दुकानं पुढच्या वर्षी परत वर्गणी भरतील का? तू सांग."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. 'हो' म्हणायची माझी किती इच्छा होती ते सांगता येणार नाही. हो म्हटलं असतं तर मॅडमना बळ आलं असतं. नाही म्हटलं असतं तर सही झाली असती आणि माझी खुर्ची दोन वर्षं पक्की होती. खरं सांगायचं तर मनात तेही येऊन गेलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "निम्मी भरतील असं वाटतं. बाकीच्यांचं खरंच माहीत नाही."

अनिकेतसर खाली बसले. "हेच माझं म्हणणं आहे मॅडम. आपल्यालाच माहीत नाही."

मॅडम म्हणाल्या, "सही केली तरी मोठं घर पुढे काय मागेल ते आपल्याला दोन वर्षांनी परत माहीत नसणार आहे. त्यापेक्षा हे माहीत नसणं बरं. ज्यांना शक्य नाही त्यांनी जावं, मी मनात काही ठेवणार नाही."

सही झाली नाही. चार जण गेले. अनिकेतसर मोठ्या घराकडेच गेले, हैद्राबादला. शेवटच्या दिवशी मी त्यांना घरच्या सवयीनं वाकून नमस्कार केला तर ओशाळले. "मला पळून जातोय असं वाटतंय रे," ते म्हणाले. मी म्हटलं, "वडिलांना तिथं दवाखान्याचं बरं पडेल." त्यांच्या जागी असतो तर मी काय केलं असतं? माझ्याकडे कर्ज नाही, म्हणून मी धीट दिसतो एवढंच. जे राहिलो त्यांनी कमी पगार घेतला आणि ऑफिस खडकीला, स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत हलवलं.

आता वर्गणीचं पहिलं वर्ष संपतंय. मी मॅडमना म्हटलं, सगळ्या दुकानांना फोन करून आठवण देतो. त्या नको म्हणाल्या. "फोन केला की माणूस भिडेनं भरतो. भिडेनं भरलेलं एकदाच मिळतं." मुदत संपली की तराफा एकदाच सांगतो, आणि पुढे पंधरा दिवस तसाच चालत राहतो. म्हणजे मला नुसतं बसून यादीकडे बघायचं. या धंद्यात याहून वाईट काम मी केलेलं नाही. पहिल्या आठवड्यात भरणाऱ्यांपेक्षा न भरणारे जास्त होते.

गेल्या मंगळवारी एक फोन आला. तेलुगूत, आणि ते तेलुगू आमच्याकडचं. सिरोंच्यात फॉर्मचं दुकान चालवणारी सरिता. वर्षापूर्वी तिनं वर्गणी भरली होती हे यादीत होतं, पण गावाचं नाव मी कधी नीट बघितलंच नव्हतं. ती म्हणाली, "अण्णा, हे ऑफिस हैद्राबादला आहे का?"

"पुण्याला आहे."

"इतक्या लांब?" मग म्हणाली, "एक विचारते, खरं सांगा. दुकानाबाहेर मी पाटी लावलीय, इथे भरलेला फॉर्म पुसला जात नाही. लोक तीस-तीस किलोमीटरवरून येतात. तुम्ही बंद तर नाही ना पडणार?"

खिडकीतून लष्कराचा ट्रक जाताना दिसत होता. तो जाईपर्यंत मी थांबलो, आवाजामुळे ऐकू येत नाही असं भासवून.

"अक्का, पुढच्या वर्षापर्यंत चालेल," मी म्हटलं. "त्याच्या पुढचं मला माहीत नाही."

पलीकडे तिच्या मागून कुणीतरी फोटोचं विचारत होतं.

"बरं," ती म्हणाली. "मग एकाच वर्षाचे भरते. तीन वर्षांचे भरणार होते."

फोन ठेवून मी मॅडमकडे गेलो, कारण पाच दिवस गप्प बसायचं नाही असं ठरलेलं आहे. म्हटलं, तीन वर्षांची वर्गणी येत होती, माझ्या बोलण्यानं एकाच वर्षाची आली. काय बोललो तेही सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही त्या बाईंना एका वर्षाचा शब्द दिलात."

"हो."

"कंपनीच्या वतीनं."

"हो मॅडम."

"आता पाळावा लागेल," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी यादी बघायला बसल्या.